चौदा अंकांचा न्याय
(एका अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अपंगांच्या खेळांविषयी आपल्याकडे जे बोलले वा लिहिले जाते ते बहुधा दोनच सुरांत. एक सूर कळवळ्याचा, दुसरा कौतुकाचा. दोन्ही सूर सद्‌हेतूने लागतात, यात शंका नाही. परंतु खेळ कसा खेळला जातो, त्याचे नियम कोणते, ते कोणी आणि कशासाठी केले, हे विचारण्याची गरज यांपैकी कोणालाच वाटत नाही. व्हीलचेअर बास्केटबॉल या खेळाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष नुकसानीची आहे. कारण समतेच्या प्रश्नाचे एक व्यवहारात उतरलेले आणि जगभर मान्य झालेले उत्तर या खेळाच्या नियमांत सापडते. सर्वांना जागा द्यावयाची तर गुणवत्तेला मूठमाती द्यावी लागते, समता आली की स्पर्धा मरते, हा आक्षेप समाजवादी चळवळीने आयुष्यभर ऐकला आहे. त्या आक्षेपाची कसोटी पाहण्यासाठी २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असे हे मैदान फार सोयीचे आहे.

या खेळाचा जन्म युद्धाच्या पोटी झाला. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावत. गोळीतून वाचलेल्या माणसाला मागाहून शय्याव्रणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग गाठीत असे. अशा रुग्णाला कोपऱ्यातील खाटेवर ठेवावे आणि शेवटाची वाट पाहावी, अशीच जणू वैद्यकाची रीत होती. ही रीत मोडली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याच्या इजांसाठी स्वतंत्र केंद्र उघडण्यात आले. त्याची सूत्रे डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे होती. गुटमन हे जर्मन ज्यू. नाझी राजवटीतून निसटून ते १९३९ मध्ये इंग्लंडला आले होते. ज्या राजवटीने ‘निरुपयोगी’ ठरविलेली माणसे ठार मारली, तिच्यातून परागंदा झालेल्या या डॉक्टराने निरुपयोगी मानलेल्या माणसांना पुन्हा कर्त्या नागरिकांच्या पंक्तीत बसविण्याचा उद्योग आरंभावा, हा इतिहासाचा लक्षात ठेवण्याजोगा धडा आहे.

गुटमन यांची पद्धत साधी, परंतु कष्टाची होती. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावयाची, त्याला कामाला लावावयाचे आणि खेळावयास लावावयाचे. खेळ ही करमणूक नसून उपचाराचा भाग होती. आरंभी रुग्ण खुर्चीत बसून हातातील काठ्यांनी पोलोसारखा खेळ खेळत. तो फारच धसमुसळा ठरल्यावर मागे पडला, त्याची जागा नेटबॉलने घेतली आणि पुढे बास्केटबॉल आला. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना स्टोक मँडेव्हिल येथे १६ अपंग स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू एकत्र आले. तेच पहिले पॅरालिंपिक म्हणून आज ओळखले जाते आणि त्यात व्हीलचेअर बास्केटबॉल होता. स्त्रियांचा बास्केटबॉल १९६८ च्या तेल अवीव येथील स्पर्धांत आला. पुरुषांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ मध्ये बेल्जियममधील ब्रुज येथे झाली; स्त्रियांना त्यासाठी १९९० पर्यंत थांबावे लागले.

अमेरिकेत हाच खेळ स्वतंत्रपणे वाढला. युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत १९४५ नंतर तो सुरू झाला आणि इलिनॉय विद्यापीठाचे टिमोथी न्यूजंट यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. न्यूजंट यांचे नाव आणखी एका कामासाठी घेतले पाहिजे. अपंग विद्यार्थ्याला विद्यापीठात शिकावयाचे तर वर्गात, वाचनालयात, वसतिगृहात त्याला आपले आपण जाता आले पाहिजे, म्हणून त्यांनी उतार, दारांची रुंदी, बसमध्ये चढण्याची सोय यांचा अभ्यास केला. त्यातूनच १९६१ मध्ये इमारती अपंगांना सुगम कशा कराव्यात याविषयीचे अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय मानक तयार झाले. खेळाचे मैदान आणि इमारतीच्या पायऱ्या यांचा हा संबंध पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

आता खेळाच्या नियमांकडे वळू. प्रथम लक्षात येते ते हे की, या खेळात फारसे काही सोपे केलेले नाही. मैदान तेवढेच, चेंडू तोच. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. ती खाली आणलेली नाही. उभ्या माणसाने ज्या उंचीवर चेंडू टाकावयाचा त्याच उंचीवर बसलेल्या माणसाने टाकावयाचा. १० मिनिटांचे चार डाव, २४ सेकंदांत फेक करण्याचे बंधन, हे सारे सारखेच. बदल केला आहे तो जेथे अपरिहार्य आहे तेथे. चेंडू जवळ असताना चाके दोन वेळा ढकलली की चेंडूचा टप्पा द्यावा लागतो. तिसरा धक्का दिला तर नियमभंग होतो. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग मानला जातो; तिला धडक देणे म्हणजे खेळाडूला धडक देणे. फायदा मिळविण्यासाठी बैठकीवरून उठता येत नाही.

खरा विचार करावयास लावणारा नियम पुढेच आहे. या खेळातील खेळाडू एकसारखे अपंग नसतात. एखाद्याचे छातीखालचे शरीर संपूर्ण निकामी झालेले असते. पुढे वाकला तर हाताचा आधार घेतल्याशिवाय त्याला सरळ होता येत नाही. दुसऱ्याचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला असतो, परंतु धड पूर्णपणे त्याच्या ताब्यात असते. या दोघांना नुसतेच समोरासमोर सोडले तर काय होईल, हे सांगावयास नको. प्रत्येक प्रशिक्षक दुसऱ्या प्रकारचे पाच खेळाडू उतरवील आणि पहिल्या प्रकारच्या खेळाडूला बाकावरही जागा उरणार नाही. मोकळी स्पर्धा म्हणतात ती हीच.

यावर काढलेला तोडगा असा. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या कार्यक्षमतेनुसार १ पासून ४.५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या पायऱ्यांनी एक अंक दिला जातो. ज्याचा धडावर ताबा नाही त्याला १; ज्याला पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना मुक्तपणे वाकता येते त्याला ४.५. मैदानावर एका वेळी असलेल्या पाच खेळाडूंच्या अंकांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. गेली तर संघाला दंड होतो.

हा हिशेब थोडा मांडून पाहावा. सर्वांत सक्षम असे पाच खेळाडू घेतले तर बेरीज २२.५ होते. असे तीन जरी घेतले तरी १३.५ होतात आणि उरलेल्या दोघांसाठी अर्धा अंक शिल्लक राहतो. अर्ध्या अंकाचा खेळाडू तर जगात नाही. तेव्हा ४.५ चे फार तर दोन घेता येतात आणि त्यांच्यासोबत उरलेल्या तिघांसाठी ५ अंक राहतात. ३, १ आणि १ अशी वाटणी केली की बेरीज बरोबर १४ होते. याचा अर्थ असा की, ज्याला १ अंक आहे तो खेळाडू संघाला उपकार म्हणून घ्यावा लागत नाही. तो मिळाला नाही तर आपल्या सर्वोत्तम खेळाडूला मैदानावर ठेवणे प्रशिक्षकाला जमत नाही. बलवानाची जागा दुर्बळाच्या उपस्थितीवर अवलंबून आहे. प्रत्येक चांगला संघ म्हणून एका अंकाचा उत्तम खेळाडू शोधीत असतो, त्याला शिकवितो, त्याच्यावर पैसा खर्च करतो.

आणि हा खेळाडू मैदानावर काय करतो? तो बहुतेक वेळा बास्केट करीत नाही, वाट अडवितो. खुर्ची पुढे जाते, मागे जाते, गर्रकन वळते, परंतु आडवी सरकत नाही. पायांवर उभा असलेला खेळाडू एक पाऊल बाजूला टाकून निसटतो. खुर्चीवरच्याला ते शक्य नसते. म्हणूनच धडाची शक्ती नसलेल्या खेळाडूने योग्य क्षणी योग्य जागी आपली खुर्ची आणून उभी केली, तर प्रतिपक्षाचा ४.५ अंकांचा बलदंड खेळाडू तिच्यामागे अडकून पडतो आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत दुसऱ्या बाजूला चौघांविरुद्ध पाच असा खेळ होतो. गुणफलकावर वाट अडविणाऱ्याचे नाव चढत नाही, परंतु सामना जाणणाऱ्यास तो कोणी जिंकून दिला हे कळते. खुर्चीच्या उंचीचा नियमही याच विचाराने केलेला आहे. ३ अंकांपर्यंतच्या खेळाडूची बैठक ६३ सेंटिमीटरपर्यंत उंच चालते, ३.५ आणि त्यावरील खेळाडूची ५८ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही. ज्याच्याजवळ अधिक आहे त्याला वरून आणखी देऊ नये, इतकाच त्याचा अर्थ.

आता मूळ आक्षेपाकडे पाहू. या नियमाने स्पर्धा मेली काय? २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमधील पुरुषांचा अंतिम सामना अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध ७३-६९ असा जिंकला. २०२१ मध्ये टोकियोला याच अमेरिकेने जपानला ६४-६० असे हरविले होते. चार-चार गुणांनी सुटणारे अंतिम सामने ही मेलेल्या स्पर्धेची लक्षणे नव्हेत. चौदा अंकांच्या मर्यादेने स्पर्धा संपविली नाही. तिने स्पर्धेचा विषय बदलला. कोणाचे शरीर अधिक शाबूत आहे, या प्रश्नाच्या जागी कोणता संघ आपल्या पाचही माणसांचा अधिक चांगला उपयोग करून घेतो, हा प्रश्न आला. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घातली की शेती बुडेल, असे सांगणाऱ्यांना हा दाखला देण्याजोगा आहे. मर्यादा उद्यमाला मारीत नाही. ती कशी घातली आहे आणि तिची अंमलबजावणी कोण करतो, यावर सारे अवलंबून असते.

अंमलबजावणीचा प्रश्न येथेही सोपा नाही आणि ते झाकण्यात अर्थ नाही. माणसाची क्षमता मोजावयाची कोणी? पूर्वी हे काम डॉक्टर करीत. खेळाडूला तपासणीच्या टेबलावर झोपवून कण्याच्या कोणत्या मणक्याला इजा आहे, कोणता स्नायू हलतो, हे पाहून त्याचा वर्ग ठरे. कोलोनचे प्राध्यापक होर्स्ट स्ट्रोहकेंडल यांच्या प्रयत्नांनी १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत बदलली आणि खेळाडूला प्रत्यक्ष मैदानावर खेळताना पाहून अंक देण्याची पद्धत रूढ झाली. निदानाऐवजी कृती पाहावयाची, ही मोठीच सुधारणा होती. परंतु जेथे माणसांचे वर्गीकरण असते तेथे सत्ता असते, आणि सत्ता असते तेथे अन्यायाची शक्यता असते. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने या खेळाच्या महासंघाला सांगितले की, तुमची पात्रतेची व्याख्या आमच्या नियमावलीत बसत नाही. २०२४ च्या पॅरिस स्पर्धांतून हा खेळच वगळण्यात आला. ४ आणि ४.५ अंकांच्या खेळाडूंची फेरतपासणी झाली आणि वर्षानुवर्षे देशासाठी खेळलेले काही जण एका कागदाने अपात्र ठरले. ब्रिटनच्या अशा एका खेळाडूने, खेळता यावे म्हणून आपला दुखरा पाय कापून घ्यावा काय, हा विचार आपल्या मनात आल्याचे जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर २०२१ मध्ये खेळाला पॅरिसचे दार पुन्हा उघडले. परंतु ‘पुरेसा अपंग’ ठरण्यासाठी माणसाला अवयव तोडण्याचा विचार करावा लागणे, हे कोणत्याही व्यवस्थेला भूषणावह नाही. सरकारी दाखल्यावर ४० टक्के लिहिले गेले की ३९, यावर ज्यांचे हक्क अवलंबून असतात त्या आपल्याकडील अपंगांना ही व्यथा परकी वाटणार नाही. नियम न्याय्य असला तरी त्याच्या अंमलावर लोकांची नजर हवीच.

येथपर्यंतचे विवेचन मैदानाच्या चार रेघांच्या आतले आहे. रेघांबाहेर काय दिसते? पुरुषांच्या गटात १९६८ पासून पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविलेल्या देशांची यादी फार लहान आहे: अमेरिका, इस्रायल, फ्रान्स, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा. आफ्रिकेतला एकही देश तीत नाही, दक्षिण आशियातला नाही. युद्धे, भूसुरुंग, पोलिओ आणि रस्त्यांवरचे अपघात यांनी ज्या भूभागांत सर्वांत अधिक माणसे पंगू झाली, तेच भूभाग या यादीत नाहीत. संघाच्या आत चौदा अंकांची मर्यादा आहे. देशादेशांतील साधनांच्या वाटणीला तशी मर्यादा नाही. खेळासाठी लागणारी खुर्ची रुग्णालयातल्या खुर्चीसारखी नसते. तिची चाके वरून आत झुकलेली असतात, सांगाडा हलका आणि न घडी होणारा असतो, मागे उलटू नये म्हणून छोटे चाक असते आणि ती खेळाडूच्या अंगाच्या मापाने बनवावी लागते. परदेशांतून येणाऱ्या अशा खुर्चीची किंमत लाखांत जाते.

राजवटींचे वर्तनही फारसे निराळे नाही. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकनंतर तेथील क्रीडाग्राम अपंग खेळाडूंना मिळाले नाही, कारण त्याची खाजगी घरे व्हावयाची होती. स्पर्धा हायडलबर्गला न्याव्या लागल्या. हा भांडवलशाहीचा हिशेब झाला. परंतु १९८० मध्ये ऑलिंपिक भरविणाऱ्या मॉस्कोनेही अपंगांच्या स्पर्धा घेतल्या नाहीत. त्या नेदरलँड्समधील आर्नहेम येथे झाल्या. सोव्हिएत संघ पॅरालिंपिकमध्ये उतरला तो १९८८ मध्ये सोल येथे. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्याला आपल्या अपंग नागरिकांना जगासमोर आणणे आठ वर्षे आधी जमले नाही, ही गोष्ट समाजवाद्यांनीच प्रथम सांगितली पाहिजे.

अफगाणिस्तानचे उदाहरण याहून बोलके आहे. काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे कृत्रिम अवयवांचे केंद्र अल्बर्टो कैरो या इटालियन गृहस्थाने १९९० पासून चालविले. तेथे व्हीलचेअर बास्केटबॉल रुजला, पुरुषांचा आणि स्त्रियांचाही संघ उभा राहिला. त्या स्त्रियांच्या संघाची कर्णधार निलोफर बयात. ती दोन वर्षांची असताना घरावर रॉकेट पडले. भाऊ गेला आणि तिच्या कण्याला इजा झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर तिला देश सोडावा लागला आणि स्पेनमधील बिल्बाओच्या संघाने तिला आश्रय दिला. युद्धाने तिचे पाय नेले, धर्मांध सत्तेने तिचे मैदान नेले. यांपैकी दुसरी हानी टाळणे पूर्णपणे माणसांच्या हातात होते.

आपल्या देशात काय आहे? सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमधील ते भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पद्मश्रीने त्यांचा सन्मान झाला २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. बास्केटबॉलची कथाही विलंबाचीच आहे. व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संघटना २०१४ मध्ये चेन्नईत उभी राहिली. ब्रुजच्या पहिल्या जागतिक स्पर्धेनंतर ४१ वर्षांनी. तेव्हापासून राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या, रेडक्रॉसने प्रशिक्षणाला आणि खुर्च्यांना हात दिला, स्त्रियांचे संघही उतरले. हे सारे मुख्यतः खेळाडूंनी स्वतःच्या हिमतीवर केले.

आकडे पाहिले तर हा प्रश्न मूठभरांचा नाही, हे कळते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले आणि त्यांतील ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीचे होते. महाराष्ट्रातील एकूण अपंगांची संख्या २९ लाखांवर होती. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळत. अपंगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये २५०० करण्यात आली. खेळाची खुर्ची तीन लाखांची धरली, तर हे संपूर्ण अनुदान दहा वर्षे न खाता साठविले तेव्हा ती एक येते. आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा व्हीलचेअरवरही ५ टक्के कर बसला. पाय असलेल्यांनी चालण्यावर कर भरल्याचे ऐकिवात नाही.

खुर्ची मिळाली तरी मैदान राहतेच. तालुक्या-तालुक्याला क्रीडासंकुले झाली. परंतु दारात तीन पायऱ्या, अरुंद दरवाजा आणि खुर्ची आत न जाणारे स्वच्छतागृह असेल तर ते संकुल या नागरिकांपुरते अस्तित्वातच नाही. कायदा अपुरा आहे असेही नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगांचा खेळातील सहभाग ही शासनाची जबाबदारी ठरविली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की, सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक शिफारशींच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. सरकारने ‘अपंग’ हा शब्द काढून ‘दिव्यांग’ हा शब्द आणला. शब्द कोणता वापरावा हे संबंधितांनीच ठरवावे. परंतु नाव बदलल्याने दारातली पायरी उतरत नाही, हे मात्र कोणालाही दिसावे.

या स्थितीत करावयाचे काय? महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचे असतात. तो पैसा पुष्कळदा वर्षअखेरीस घाईने वाटला जातो किंवा पडून राहतो. त्यातून जिल्ह्यागणिक एका संघापुरत्या दहा-बारा खेळाच्या खुर्च्या विकत घेऊन त्या सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांसारख्या सर्वांना वापरावयास ठेवता येतील. कृत्रिम अवयव आणि साधने बनविणारा सरकारी कारखाना, एलिम्को, १९७२ मध्ये कानपूरला स्थापन झाला. अपंगांना लागणाऱ्या तीनचाकी सायकली आणि साध्या खुर्च्या तो बनवितो. खेळाच्या खुर्च्यांचे उत्पादन त्याच्याकडून मागितले पाहिजे. ज्या देशात सायकलीचा सांगाडा गल्लीतला कारागीर जोडतो, त्या देशाला हे तंत्र अवघड नाही. नवे क्रीडासंकुल उतार आणि रुंद दार असल्याशिवाय मंजूर होऊ नये आणि जुन्यांना मुदत घालून द्यावी. कर्णबधिर, अंध वा अन्य अपंगांच्या वाट्याला धक्का न लावता हे करावयाचे आहे, म्हणून निधीचा हिशेब त्यांच्या संघटनांसमोर मांडला गेला पाहिजे.

यातली कोणतीही मागणी दयेची नाही. चौदा अंकांचा नियम करणाऱ्यांनी १ अंकाच्या खेळाडूवर दया केली नाही. त्याच्यावाचून खेळ पुरा होऊ नये, अशी रचना केली. गावाची, शाळेची, कारखान्याची रचना याच तत्त्वावर करता येते. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात जाऊन दारापासून मैदानापर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजावे, मागील तीन वर्षांत ५ टक्के निधी कशावर खर्च झाला याची माहिती नगरपालिकेकडून लेखी मागावी आणि येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून उत्तर मागावे.